उत्तरेस म्हैस

"स्थावर म्हणजे जे जागचं हलत नाही ते! सोनं चोरीला जातं, बैल म्हातारा होतो, मुलगा मुंबईला जातो; घर मात्र जिथं असतं तिथंच राहतं. म्हणून माणसानं स्थावर घ्यावं, आणि घेताना कागदातला शब्द न् शब्द समजून घ्यावा!"

हे उद्गार दत्तोबा गराडे यांनी कुसगावातल्या आपल्या नव्या घराच्या ओट्यावर उभे राहून, वास्तुशांतीला जेवून तृप्त झालेल्या चाळीस माणसांपुढे काढले. चाळीस माणसांनी माना डोलावल्या. मग विडे वाटले गेले, मंडळी पांगली, आणि दिवेलागणीच्या आत दत्तोबांच्या स्थावर मालमत्तेची उत्तर सीमा तीन हात दक्षिणेकडे सरकली. सरकून झाल्यावर तिने शेपटीने पाठीवरच्या माशा वारल्या आणि ती रवंथ करू लागली.

सीमा रवंथ कशी करू लागली, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

दत्तोबा मूळचे मावळातल्या कान्ह्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. पण लोणावळा स्टेशनात त्यांनी तीस वर्षे पार्सलबाबू म्हणून काढली होती. या तीस वर्षांत ते एकच गोष्ट शिकले, पण ती पक्की शिकले. करंडीत काय आहे ते पाठवणारा सांगतो. बाबूने लिहायचे ते डोळ्यांना दिसते तेच. ‘आंबे’ असे लिहायचे नाही. ‘आंबे असल्याचे सांगितलेली, एक कोपरा दबलेली करंडी’ असे लिहायचे. त्यामुळे तीस वर्षांत वाटेत पुष्कळ आंबे नाहीसे झाले, पण दत्तोबांवर एकही तक्रार शाबीत झाली नाही.

१९३६ साली ते निवृत्त झाले आणि रेल्वेची खोली सोडायची वेळ आली. गराड्यांच्या घराण्यात लोक घरात जन्मले होते, घरांच्या वाटण्या करून घेतल्या होत्या, भाऊबंदांच्या घरांकडे पाठ करून बसले होते; पण स्वतः पाहून, पारखून, विकत घर घेतलेला एकही गराडे नव्हता. तो पहिला मान आपला, असे दत्तोबांनी ठरवले आणि पुण्याच्या पत्रातल्या जाहिराती वाचायला सुरुवात केली.

"ऐक," ते पत्नीला, सरुबाईंना, म्हणाले. "‘लोणावळ्यानजीक कुसगाव येथे, स्टेशनापासून दहा मिनिटांवर, हवेशीर व टुमदार घर. बारमाही गोड्या पाण्याची विहीर. निर्वेध व बोजारहित. खटपट्यांनी तसदी घेऊ नये.’"

"म्हंजे आपण घ्यायची का न्हाई?"

"आपण खटपटे नाही. आपण जाणकार. आता हवेशीर म्हणजे काय?"

"वारं येतं."

"कुठून येतं, ते विचारायचं असतं! खिडकीतून येत असेल तर हवेशीर. कौलांतून येत असेल तर तेही हवेशीरच. टुमदार म्हणजे पाय लांब करून निजता येतं की नाही, ते पाहून घ्यायचं."

त्यांनी खरोखरच तसे पाहिले. घराचा दलाल अंबाजी याच्यादेखत त्यांनी प्रत्येक खोलीत आडवे होऊन पाय ताणले. कौले मोजली. स्टेशनापासून घरापर्यंत घड्याळ लावून चालले. पंचवीस मिनिटे लागली. अंबाजी म्हणाला, की जाहिरातीतली दहा मिनिटे ही घरापासून स्टेशनापर्यंतची आहेत, उताराची आणि गाडी दिसल्यानंतरची. हा खुलासा दत्तोबांना पटला, कारण रेल्वेतही असेच असते.

विहीर मात्र खरी होती. घराच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, काळ्या दगडात बांधलेली, वैशाखातही पुरुषभर पाण्याची. सरुबाई काठावर बसून एक ओंजळ पाणी प्यायल्या. तीस वर्षे त्यांनी रेल्वेच्या नळापुढे घागर घेऊन नंबर लावला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "घर कसंबी असू दे. ही हीर माजी."

म्हणजे घर ठरले.

घराचा मालक मुंबईचा शेठ, तो काही आला नाही. त्याच्या वतीने खरेदीखताचा मसुदा लिहायला अंबाजी त्याच ओट्यावर बसला. मसुदा झकास होता. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ हे शब्द आले तेव्हा दत्तोबांनी सरुबाईंना हाक मारून बोलावले.

"म्हणजे पाणी आपलं, झाड आपलं, गवत आपलं, लाकूड आपलं, दगड आपला, आणि जमिनीत मोहरांचा हंडा निघाला तर तोही आपला!"

"हंड्याचं बगू. सकाळधरनं तुमचा चष्मा सापडंना, तो कुणाचा?"

मग चतुःसीमा आल्या. घराच्या चारही बाजूंना काय आहे, ते लिहायचे. अंबाजीने लिहिले: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस भिमाजीची भिंत, उत्तरेस पडीक.

"थांबा," दत्तोबा म्हणाले. "पडीक म्हणजे?"

"पडीक म्हणजे पडलेली जागा हो."

"कुठपर्यंत पडली आहे? कोणाची पडली आहे? हा शब्द ढिला आहे, अंबाजी."

"गावठाणातली जागा आहे, बाबू. इथं सर्व्हे नंबर नसतो. सगळे पडीकच लिहितात."

"सगळे फसतात. तुम्ही उत्तरेला बघा, आणि जे डोळ्यांना दिसतं ते लिहा."

अंबाजीने चष्म्यावरून उत्तरेला पाहिले. उत्तरेला विहिरीपलीकडे गवत होते, त्यापलीकडेही गवत होते, आणि मधोमध खुंट्याला बांधलेली एक म्हैस होती.

"म्हैस दिसते," अंबाजी म्हणाला.

"कोणाची?"

"कोंडाजीची. मागं राहतो तो."

"मग नावासकट लिहा. पुढं वाद नको."

अंबाजीने पस्तीस वर्षांत असंख्य खरेदीखते लिहिली होती. त्याने बोलायला तोंड उघडले. पण त्याची दलाली सह्या झाल्यावर मिळायची होती, म्हणून त्याने ते मिटले आणि सुरेख वळणदार अक्षरात लिहिले: ‘उत्तरेस, कोंडाजी याची म्हैस.’

कागद नोंदला गेला. दत्तोबांनी विहिरीवर पाटी लावली: ‘खासगी विहीर. परवानगीवाचून पाणी घेऊ नये.’ आणि वास्तुशांतीच्या दिवशी ते भाषण केले.

भाषणानंतर शेजारचा कोंडाजी विडा चघळत पाटीपाशी उभा राहिला. शेठ कधी येत नसल्यामुळे बारा वर्षे त्याची म्हैस याच विहिरीचे पाणी पीत होती.

"बाबू, काय लिवलंय ह्यावर?"

दत्तोबांनी वाचून दाखवले.

"आन् म्हशीनं कुटं जायाचं?"

"ओढ्यावर. त्याला माझी हरकत नाही. हे कायद्याचं काम आहे, कोंडाजी. हे ऐका." आणि दत्तोबांनी सगळे खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवले, कारण ते दाखवायला त्यांना निमित्त हवेच होते. कोंडाजी डोळे मिटून ऐकत होता. चतुःसीमांपाशी त्याने डोळे उघडले.

"उत्तरंला काय म्हनलं? पुन्यांदा वाचा की."

दत्तोबांनी पुन्हा वाचले, जरा अधिकच खणखणीत.

"माजी म्हैस सरकारी कागदात गेली?" कोंडाजीचा ऊर भरून आला. "बाबू, आमच्या सात पिढ्यांत मानूस गेलं न्हाई कागदात. म्हैस गेली!"

त्याने दत्तोबांना वाकून रामराम केला, घरी जाऊन ही बातमी बायकोला, धोंडाबाईला, सांगितली, आणि मग शांतपणे खुंटा उपटून तीन हात अलीकडे ठोकला.

सकाळी दत्तोबा तोंड धुवायला आले, तो म्हैस जवळ दिसली. आधी त्यांना वाटले, चष्मा सापडल्यामुळे असे दिसत असेल.

"कोंडाजी, ही म्हैस इथं काय करते?"

"शीव राखतीया."

"काल ती तिकडं होती!"

"काल माश्या तिकडं न्हवत्या."

"अहो, म्हैस हलली म्हणून सीमा हलत नाही!"

"आसं का? मंग कागदात ‘न हलनारी म्हैस’ लिवायची व्हती."

दत्तोबा घरात गेले आणि त्यांनी खरेदीखत तीनदा वाचले. कागद चुकला आहे, असे म्हणणे सोपे होते. पण असा बिनचूक कागद अख्ख्या मावळात दुसरा नाही, हे त्यांनी कालच चाळीस माणसांना सांगितले होते, आणि त्यांतली वीस कान्ह्याची होती.

दुसऱ्या दिवशी खुंटा आणखी दोन हात अलीकडे आला. सरुबाईंनी विहीर ते म्हैस हे अंतर हाताने मोजले. पूर्वी ते दहा हात होते. आता पाच उरले होते.

"अजून दोन-तीन दिसांनी म्हशीला इचारून पानी भरावं लागंल," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं नळावर नंबर लावला, आता म्हशीमागं लावते."

"तू काळजी करू नकोस. कायद्याला बुद्धीनं उत्तर द्यायचं असतं."

बुद्धी म्हणजे हिरव्या गवताची पेंढी निघाली. दत्तोबांनी ती मूळच्या जागी नेऊन टाकली. म्हशीने मान वळवली, एक हिसका दिला, खुंटा उपसला आणि ती खुंट्यासकट आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. दत्तोबांनी स्वतःच्या हाताने तिथे खुंटा ठोकला. मालमत्ता पूर्ववत झाली.

संध्याकाळी कोंडाजीने ती पुन्हा अपूर्ववत केली. तेव्हा दत्तोबांनी कडबा आणला. मग पेंड आणली. मग सरकी आणली. पंधरा दिवसांत सीमा चांगली गुबगुबीत झाली आणि वेळेला दोन शेर दूध जास्त देऊ लागली. धोंडाबाई ते जास्तीचे दूध सरुबाईंकडेच विकायला आणू लागली.

"वैनी, बगा कसं साय धरतंय. खान्यापिन्याची आबाळ न्हाई न्हवं."

"आमचीच सरकी आमीच इकत घेतो, धोंडाबाय. लय ग्वाड लागती."

आणि एका सकाळी कोंडाजी म्हशीच्या शिंगांना तेल लावताना दिसला.

"कुठं निघालात?" दत्तोबांनी विचारले.

"तळेगावच्या बाजारात. म्हैस आंगानं भरलीया, दर चांगला यील. इकून टाकतो."

दत्तोबांचा चेहरा पांढरा पडला. उत्तर सीमा तळेगावच्या बाजारात उभी राहणार, आणि संध्याकाळी कोणी तरी तिला हाकत शिरूर नाहीतर जुन्नर तालुक्यात घेऊन जाणार! मग मालमत्ता कुठवर पसरेल, किंवा मुळीच उरेल का, याचा त्यांना अंदाज येईना.

"मी घेतो," ते म्हणाले. "सांगाल त्या किमतीला."

कोंडाजीने सांगितली. सरुबाई आतून काही तरी बोलल्या, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पण त्यानंतरचे आठ दिवस दत्तोबांच्या आयुष्यातले सर्वांत वैभवाचे दिवस होते. दुसऱ्यांच्या सीमा दगडाच्या असतात, कुंपणाच्या असतात. स्वतःची सीमा स्वतःच्या गोठ्यात बाळगणारा माणूस एकच. पहिल्या दिवशी त्यांनी म्हैस मूळ जागेच्या दोन हात पलीकडे बांधली. दुसऱ्या दिवशी पाच हात. चौथ्या दिवशी कोंडाजीच्या शेणीच्या ढिगाला लागून. आठव्या दिवशी म्हशीचे तोंड कोंडाजीच्या अंगणात होते आणि ती धोंडाबाईचे वाळवण खात होती.

"कागद आहे," दत्तोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "उत्तरेस म्हैस."

 कोंडाजी फक्त एकदा तळेगावला जाऊन आला. येताना त्याच्यामागे एक तरुण, काळीभोर, कपाळावर चांदवा असलेली म्हैस होती. त्याने ती विहिरीच्या दक्षिणेला, सरुबाईंच्या मागच्या पायरीपासून चार हातांवर बांधली.

"हे काय?" दत्तोबा धावत आले. "सीमा तिकडं आहे, तुमच्या अंगणात!"

"ती तुमची म्हस, बाबू. तुमच्या म्हशीचं नाव न्हाई कागदात. कागदात हाय कोंडाजीची म्हस." त्याने छातीवर हात ठेवला. "कोंडाजी म्या." मग म्हशीच्या पाठीवर ठेवला. "म्हस ही."

दत्तोबांनी तोंड उघडले, आणि त्या दिवशी अंबाजीने मिटले होते तसे ते मिटले. रागाच्या भरात तीस वर्षांची स्टेशनातली भाषा गळून पडली आणि खालची कान्ह्याची वर आली. "कोंडाजी, तू लय बाराचा हायेस!"

"आता कसं घरच्यावानी बोल्लात," कोंडाजी म्हणाला.

त्याने पाटी काढली नाही. ती नुसती फिरवून दत्तोबांच्या घराकडे तोंड करून लावली.

दुसऱ्या दिवशी सरुबाई घागर घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. समोर म्हैस, म्हशीपलीकडे विहीर. धोंडाबाई काठावर धुणे धूत होती. तिने हसून बोलावले, "या की वैनी! परवानगी कशाला पायजे? आपलीच हीर समजा."

सरुबाईंनी घागर तिथेच ठेवली आणि त्या आत आल्या. त्या रागावल्या असत्या तर दत्तोबांनी उत्तर दिले असते. पण त्या नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "माज्याच हिरीचं पानी मला ती देती. नळावर निदान भांडून तरी घ्यावं लागायचं."

दत्तोबांनी त्याच दिवशी मोजणीचा अर्ज केला.

मोजणीदार महिन्याने आला. छत्री, साखळी आणि दोन माणसे घेऊन. गावही आला. मोजणीदाराने कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारले, "म्हैस कुठं आहे?"

"ही!" कोंडाजी म्हणाला.

"ती!" दत्तोबा म्हणाले.

मोजणीदाराने दोन्ही म्हशींकडे पाहिले. "मला कागदापलीकडे जाता येत नाही," तो म्हणाला. "पण कागदाला तारीख आहे. त्या तारखेला म्हैस जिथं बांधली होती, ती सीमा. त्या दिवशी ती कुठं होती, हे कोणी पाहिलं?"

सगळे अंबाजीकडे वळले.

"मी म्हैस पाहिली," अंबाजी म्हणाला. "खुंटा पाहायला मला कोणी सांगितलं नव्हतं."

"बाबूंचं सांगणं चालणार नाही, ते घेणारे," मोजणीदार म्हणाला. "म्हशीचा त्या दिवशीचा मालक कोण?"

"म्या," कोंडाजी म्हणाला.

"मग तुम्ही दाखवाल ती जागा."

सरुबाईंनी पदर तोंडाला लावला. "गेली माजी हीर," त्या पुटपुटल्या.

कोंडाजी मधोमध येऊन उभा राहिला. गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याने दत्तोबांकडे पाहिले.

"दावतो. पर आदी बाबूंनी येक सांगावं. म्हस कागदात कुनी घातली?"

 गर्दीत कान्ह्याचेही लोक होते. दत्तोबांनी एकदा सरुबाईंच्या रिकाम्या घागरीकडे पाहिले.

"मी," ते म्हणाले.

"अंबाजी काय लिवीत व्हता?"

"पडीक."

"मंग म्हस का घातली?"

"दिसली म्हणून."

हशा ओढ्यापलीकडे गेला. मोजणीदारालाही छत्री उघडून तोंडापुढे धरावी लागली, ऊन नव्हते. हशा ओसरला तसा कोंडाजी वळला. त्याने दत्तोबांची म्हैस सोडली, कारण ती अजून त्याचेच ऐकत असे, आणि तिला चालवत तो निघाला. आधी घराच्या मागच्या पायरीपर्यंत, मग तिथून वळून नव्या म्हशीवरून, विहिरीवरून, पुढे दहा हात. तिथे त्याने टाचेने माती उकरली. जुन्या खुंट्याचे भोक होते.

"हितं," तो म्हणाला. "हीर बाबूंची. खोटं सांगितलं आसतं, पर ही म्हस सरकारी कागदात हाय. हिच्या नावाला बट्टा लागंल आसं म्या काय बोलनार न्हाई."

 सरुबाई पुढे झाल्या, घागर उचलली आणि विहिरीवर गेल्या. पहिला पोहरा वर आला तो त्यांनी घागरीत ओतलाच नाही. कोंडाजीच्या नव्या म्हशीपुढे घमेल्यात ओतला. दत्तोबा गेले आणि त्यांनी पाटी खुंटीसकट उपटली.

मोजणीदाराने भोकात नवा खुंटा ठोकला, म्हैस बांधली, साखळी लावली, आकडे लिहिले. मग तिथे कायमचा दगड गाडायचा म्हणून त्याच्या माणसांनी तोच खुंटा काढला आणि ते दगड आणायला ओढ्यावर गेले.

"दगड येईपर्यंत म्हैस जागची हलू देऊ नका," मोजणीदार म्हणाला. "माझं सगळं माप तिच्यापासून आहे."

कोंडाजी दावे हातात धरून सीमेवर उभा राहिला. दत्तोबा शेजारी येऊन उभे राहिले. कागद हातात होता, विहीर आपली होती, आणि समोर चाळीसाहून बरीच जास्त माणसे होती. त्यांनी घसा खाकरला.

"मंडळी! गराड्यांच्या घराण्यात स्वतः पाहून, पारखून घर घेणारा मी पहिला. आणि आज सरकारच्या साखळीसमक्ष मी सांगतो, की या मावळात माझ्याइतकी पक्की, माझ्याइतकी अढळ सीमा दुसऱ्या कोणाचीही..."

"बाबू," कोंडाजी हळूच म्हणाला, "हे दावं जरा धरा की. तंबाकू मळून घेतो."